पुढच्या मालकाला शाप : हेरोडीस अ‍ॅटिकसच्या कोरीव लेखांचं एक प्रकरण

अथेन्सच्या उत्तरेला किफिसिया, ईशान्येला मॅरेथॉन, समुद्रापलीकडे युबिया बेट आणि पेलोपोनीजमधलं लूकू. एकाच जमीनदाराच्या मालमत्तेत मोडणाऱ्या या ठिकाणांवर आणि त्यांच्या आसपास गेल्या काही शतकांत संगमरवराचे कोरीव तुकडे मिळत गेले. बहुतेक चौकोनी खांब आहेत. वर माणसाचं डोकं आणि खाली सपाट खांब, अशी ग्रीक लोकांची जुनी पद्धत होती. आता डोकी बहुतेक गेली आहेत, खांबावरचा मजकूर राहिला आहे. वीसहून अधिक दगडांवर तो थोड्याफार फरकाने तोच आहे. काळ इसवी सनाचं दुसरं शतक. कोरवून घेणारा हेरोडीस अ‍ॅटिकस, त्या काळच्या ग्रीसमधला बहुधा सर्वांत श्रीमंत माणूस.

मजकूर साधारण असा :

‘देवांची आणि वीरांची आण घालून सांगतो : ही जागा ज्याच्या ताब्यात आहे असा तू कोणीही अस, यातले काहीही कधी हलवू नकोस. या मूर्ती आणि त्यांचे मान जो पाडील वा हलवील, त्याला जमीन पीक न देवो, समुद्र वाट न देवो, तो आणि त्याचे कूळ वाईट रीतीने नष्ट होवो. पण जो हे सारे जागच्या जागी राखील, रीतीप्रमाणे मान देईल आणि वाढवीत राहील, त्याचे आणि त्याच्या लेकरांचे भरपूर भले होवो. रूपाची वा आकाराची विटंबना करू नये, काही तोडू नये, फोडू नये, विद्रूप करू नये. कोणी केल्यास त्यालाही हाच शाप. मूर्तींचे वरचे भाग, खालचे आधार आणि चौथरे जसे घडवले तसेच अभंग राहू द्यावेत. आणि सर्वांत आधी हा शाप त्याला, जो यातले काही हलवण्याची वा बिघडवण्याची दुसऱ्याला आज्ञा करील, तसा विचार प्रथम मांडील, किंवा त्या विचाराला आपले मत जोडील.’

हे वाचताना मला एखाद्या कसलेल्या वकिलाने लिहिलेल्या खरेदीखताची आठवण होते. एकही पळवाट शिल्लक नाही. पाडणारा आला, हलवणारा आला, नाक फोडणारा आला. मूर्तीला हात न लावता नुसता चौथरा काढून नेणाराही आला. शेवटी तर ज्याने हातात पहारसुद्धा घेतली नाही, फक्त बैठकीत मान डोलावली, त्यालाही पकडलं आहे, आणि त्याचा नंबर पहिला लावला आहे.

आपल्याकडे शापलेख म्हटलं की गद्धेगाळ, म्हणजे शापाची शिवी कोरलेला दगड, आठवतो. पण तिथे राखायचं असतं जमिनीचं दान, आणि दम असतो पुढच्या राजांना नि अधिकाऱ्यांना. इथे राखायच्या आहेत मेलेल्या मुलांच्या प्रतिमा. आणि ज्याला दम दिला आहे तो चोर नाही, राजाही नाही. तो त्या जमिनीचा कायदेशीर मालक आहे. हे प्रकरण उलगडायचं तर या मालकापासूनच सुरुवात करावी लागते. पुढे ही जमीन कोणाकडे जाईल असं हेरोडीसला वाटत होतं, आणि त्याची त्याला इतकी धास्ती का होती?

दंड की शाप

ग्रीक भाषक जगात थडग्याला धक्का लावू नका असं सांगणारे लेख शेकड्यांनी आहेत, विशेषतः आजच्या तुर्कस्तानच्या भागात. लिकियासारख्या प्रांतात तर कामकाजच ठरलेलं होतं. थडगं उघडून परकं प्रेत आत ठेवलंत तर शाही खजिन्यात किंवा नगराच्या तिजोरीत इतके दिनार भरा, २,५०० ही नेहमी दिसणारी रक्कम. काही लेखांत गुन्हा उघड करणाऱ्याला दंडाचा तिसरा हिस्साही देऊ केला आहे. फ्रिजियात ख्रिस्ती आणि ज्यू कुटुंबं थडग्यावर एवढंच लिहीत की असं करणाऱ्याची गाठ देवाशी आहे. काही जण दंड आणि शाप दोन्ही लिहून ठेवत.

दंड वसूल व्हायचा तर तो वसूल करण्याची इच्छा असलेलं नगर लागतं, फिर्याद करणारं कोणीतरी लागतं. हेरोडीसच्या लेखांत दंडाचं नावही नाही. पैशाची भाषा ज्याला सर्वांत चांगली येत होती त्यानेच ती टाळली. माझ्या वाचनाप्रमाणे त्याचं कारण त्याच्या आणि अथेन्सच्या हिशेबात आहे.

वडिलांचं मृत्युपत्र

हेरोडीसच्या घराण्याकडे पैसा आला त्याची गोष्ट फिलोस्ट्रॅटस या ग्रीक चरित्रकाराने सांगितली आहे. हेरोडीसच्या वडिलांना, अ‍ॅटिकसला, अथेन्समध्ये नाट्यगृहाजवळच्या आपल्या एका घरात प्रचंड धन सापडलं. घाबरून त्याने सम्राट नर्व्हाला कळवलं. उत्तर आलं : जे सापडलं ते वापर. अ‍ॅटिकसने पुन्हा लिहिलं की हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. सम्राटाने कळवलं : मग उधळ, तुझंच आहे.

हा अ‍ॅटिकस मरताना मृत्युपत्र करून गेला, की प्रत्येक अथेनियन नागरिकाला दरवर्षी एक मिना, म्हणजे शंभर द्राक्मा, द्यावा. हेरोडीसने नागरिकांशी तडजोड केली : दरसाल एक नको, एकदाच पाच मिना घ्या आणि विषय संपवा. लोक तयार झाले. पैसे घ्यायला सराफांच्या पेढीवर गेले, तर तिथे जुने कागद बाहेर आले. तुमच्या बापाने आमच्या घराण्याकडून इतकं घेतलं होतं, तुमच्या आईने इतकं. वजावट होऊन कोणाच्या हाती चिल्लर पडली, कोणाला काहीच मिळालं नाही, आणि कोणी तर उलट देणेकरी निघाले.

पुढे हेरोडीसने अथेन्सचं जुनं स्टेडियम शुभ्र संगमरवरात बांधून काढलं. १८९६चे पहिले आधुनिक ऑलिम्पिक सामने पुन्हा उभारलेल्या याच स्टेडियमवर झाले. त्याचं नाव पॅनअथेनाइक, म्हणजे सर्व अथेनियनांचं. लोक म्हणू लागले, नाव अगदी बरोबर आहे, सगळ्या अथेनियनांना बुडवूनच ते बांधलंय.

हा प्रसंग शापलेखांच्या शेजारी ठेवून पाहावा. मेलेल्या माणसाची लेखी इच्छा जिवंत वारसाने कशी गुंडाळायची, हे हेरोडीसने स्वतः करून पाहिलं होतं. त्यात चोरी नव्हती, मोडतोड नव्हती. एक प्रस्ताव होता, त्याला संमती होती आणि कागदपत्रं होती. शापाच्या शेवटच्या कलमात पहिला नंबर हातोडा मारणाऱ्याचा नाही, विचार मांडणाऱ्याचा आहे, याचं मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

रेगिला

हेरोडीसची बायको आप्पिया अ‍ॅनिया रेगिला ही रोममधल्या उच्चकुलीन घराण्यातली. हेरोडीस १४३ साली रोममध्ये कॉन्सल या सर्वोच्च मानाच्या पदावर पोचला, मार्कस ऑरेलियस आणि ल्युसिअस व्हेरस या भावी सम्राटांना त्याने ग्रीक वक्तृत्व शिकवलं. म्हणजे दोन्ही बाजू तोलामोलाच्या होत्या. १६०च्या सुमारास रेगिला मेली. आठवा महिना चालू होता. फिलोस्ट्रॅटस सांगतो त्याप्रमाणे आरोप असा होता, की कुठल्याशा क्षुल्लक कारणावरून हेरोडीसने आपल्या अल्किमेडॉन नावाच्या मुक्त केलेल्या गुलामाला तिला मारायला सांगितलं आणि पोटावर बसलेल्या फटक्याने ती गेली.

तिच्या भावाने, ब्राडुआने, रोमच्या सिनेटपुढे खुनाची फिर्याद केली. पुरावा देण्याऐवजी तो आपल्या घराण्याचा मोठेपणा सांगत बसला. उच्चकुलीन रोमनांच्या पायताणावर घोट्यापाशी हस्तिदंती चंद्रकोर असे. हेरोडीस म्हणाला, तुझं कुलीनत्व तुझ्या घोट्यात आहे. हेरोडीस सुटला.

मग शोक सुरू झाला, आणि तो अफाट होता. घरातले रंगीत पडदे उतरले, भिंती काळ्या केल्या, लेस्बॉसचा गडद संगमरवर बसवला. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या उतारावर तिच्या स्मरणार्थ छत असलेलं नाट्यगृह उभं केलं. त्याच्या दगडी पायऱ्यांवर आधुनिक काळातही प्रेक्षक बसत आले आहेत. ल्युसिअस नावाच्या एका तत्त्वज्ञ मित्राने हेरोडीसचे नोकर पांढरे मुळे धुताना पाहिले आणि निरोप पाठवला : काळ्या घरात पांढरे मुळे खाऊन हेरोडीस रेगिलाचा अपमान करतोय. हेरोडीसने काळं उतरवलं म्हणतात.

फिलोस्ट्रॅटसला हा शोक म्हणजे निर्दोषपणाचा पुरावा वाटतो. मला तसं वाटत नाही. दुःख खरं असू शकतं आणि आरोपही खरा असू शकतो. याच फिलोस्ट्रॅटसने पुढे सांगितलेली एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. १७४च्या सुमारास अथेनियनांच्या तक्रारींवरून हेरोडीसला डॅन्यूब प्रदेशात, सिर्मियम इथे मार्कस ऑरेलियससमोर उभं राहावं लागलं. तेव्हाही अल्किमेडॉनच्या जुळ्या मुली त्याच्या परिवारात होत्या, त्याला जेवण वाढत होत्या, लेकींसारख्या लाडक्या होत्या. त्या वीज पडून मेल्या. त्याच रागाच्या भरात हेरोडीस सम्राटापुढे वाट्टेल ते बोलून बसला. सम्राटाने त्याला सांभाळून घेतलं आणि शिक्षा त्याच्या माणसांना केली. अल्किमेडॉनला सोडलं, मुली गेल्या ही शिक्षा पुरेशी आहे म्हणून. म्हणजे ज्याच्या हातून बायको मेल्याचा आरोप होता तो माणूस वर्षानुवर्षं हेरोडीसच्या घरातच होता.

मॅरेथॉनला हेरोडीसच्या वाडीची कमान होती. एका बाजूला लिहिलं होतं, ‘अमर ऐक्याचे द्वार. ज्या जागेत तू शिरतोस ती हेरोडीसची.’ दुसऱ्या बाजूला तेच, फक्त नाव रेगिलाचं. तिच्या मृत्यूनंतर तिथे काही ओळी वाढवल्या गेल्या : प्रिय पत्नीवाचून ही जमीन माझ्यासाठी दुःखाची आहे, अशा अर्थाच्या.

तीन मुलगे आणि एक मुलगा

शापाचे बहुतेक खांब बायकोसाठी नाहीत. ते हेरोडीसने घरात वाढवलेल्या तीन मुलांशी जोडलेले आहेत : अकिलीस, मेम्नॉन आणि पॉलिड्यूकिऑन. तिघेही लहान वयात मेले. हेरोडीसने शिकारीच्या वेषात त्यांच्या मूर्ती केल्या, झाडीत, शेतात, झऱ्याकाठी आणि चिनाराच्या सावलीत लावल्या, आणि फिलोस्ट्रॅटसही मुद्दाम नोंदवतो की त्यांच्यावर शाप कोरले. किफिसियातल्या एका खांबावर लिहिलं आहे : ‘वीर पॉलिड्यूकिऑन. या तिठ्यावर मी एकेकाळी तुझ्यासोबत फिरत असे.’ मेम्नॉन आफ्रिकी वंशाचा. त्याच्या खांबावर त्याला लाडाने ‘छोटा पुष्कराज’ आणि ‘आर्टेमिसचा मित्र’, म्हणजे शिकारीच्या देवीचा मित्र, म्हटलं आहे. पॉलिड्यूकिऑनचे वीसहून अधिक पुतळे आज ओळखता येतात. राजघराण्याबाहेरच्या माणसाची इतकी शिल्पं रोमन काळातून क्वचितच उरली आहेत.

ग्रीसचा कारभार तेव्हा क्विन्टिलियस घराण्यातले दोघे भाऊ पाहत होते. त्यांनी या पुतळ्यांवर उधळपट्टी म्हणून टीका केली. हेरोडीसने उत्तर दिलं : माझ्या चार दगडांशी मी खेळतो, तुमचं काय जातं? म्हणजे नगर विरोधात, प्रांताचा कारभार नाराज.

राहिला सख्खा मुलगा. त्याचंही नाव ब्राडुआ, मामावरून आलेलं. त्याला अक्षरं लक्षात राहत नसत म्हणून हेरोडीसने त्याच्याच वयाची चोवीस मुलं आणली आणि प्रत्येकाला वर्णमालेतल्या एकेका अक्षराचं नाव दिलं, म्हणजे खेळता खेळता तरी शिकेल. एवढी खटपट करूनही बापाचं मन त्याच्यात रमलं नाही. शेवटी हेरोडीसने त्याला फक्त आईची मालमत्ता दिली, आणि आपली वडिलोपार्जित इस्टेट दुसऱ्यांच्या नावे केली. अथेनियनांना हे अमानुष वाटलं. पोटच्या पोराला डावललं आणि परक्या पोरांसाठी रानोरान दगड उभे केले, असं त्यांनी म्हटलं असेल तर त्यात चूक काय?

आता लेखाची सुरुवात पुन्हा वाचावी. ‘ही जागा ज्याच्या ताब्यात आहे असा तू कोणीही अस.’ जमीन मुलाकडे जाणार असा ज्याचा भरवसा आहे तो बाप अशी सुरुवात करत नाही. हेरोडीसच्या डोळ्यांपुढे अनोळखी, बहुधा नाखूश वारस होता, ज्याला चिनाराखालचा शिकारी मुलगा म्हणजे शेतातली अडगळ वाटणार. म्हणूनच शापाच्या जोडीला आशीर्वादही आहे. चोराला कोणी आशीर्वाद देऊ करत नाही. वारसाला करतात.

शब्द मात्र त्याने नवे घडवले नाहीत. इसवी सनापूर्वी ४७०च्या सुमारास टिऑस नगराने विष तयार करणाऱ्यांना आणि धान्याची आयात अडवणाऱ्यांना असेच जाहीर शाप दिले होते, ‘तो आणि त्याचे कूळ नष्ट होवो’. ज्या दगडांवर ते कोरले ते फोडणाऱ्यालाही तोच शाप. एकेकाळी अख्ख्या नगराने एका आवाजात म्हणायचे ते शब्द सहाशे वर्षांनी एका खाजगी जमीनदाराने आपल्या वाडीसाठी उचलले. जुन्या अ‍ॅटिक भाषेचा, म्हणजे अथेन्सच्या अभिजात ग्रीकचा, हा माणूस निस्सीम भक्त होता, हौस म्हणूनही ते खपून जातं. पण नगर पाठीशी नसलेल्या माणसाने नगराचा आवाज काढावा, यात मला हौसेपेक्षा जास्त काही दिसतं.

रोमजवळची वाडी

रोमबाहेर आप्पियन रस्त्यावर तिसऱ्या मैलावर रेगिलाच्या माहेरची जमीन होती. तिथे हेरोडीसने ट्रायोपिऑन नावाचं पवित्र क्षेत्र केलं आणि सीदे नगरच्या मार्सेलस या वैद्य-कवीकडून दोन लांब कविता लिहवून संगमरवरावर कोरल्या. त्यांतली एक सांगते की रेगिलाचं थडगं अथेन्सच्या भूमीत आहे, देवळासारखं, आणि इथे तिची मूर्ती आहे. दुसरी ताकीद देते : डिमीटर देवीच्या राईवर हात टाकणाऱ्या ट्रायोपसचं काय झालं ते आठवा.

शिवाय दोन खांबांवर मुद्दाम प्राचीन वळणाच्या अक्षरांत लिहिलं आहे की आप्पियन रस्त्यावरच्या तिसऱ्या मैलावर हेरोडीसच्या शेतात असलेल्या या ट्रायोपिऑनमधून काहीही हलवण्याची कोणाला मुभा नाही, हलवणाऱ्याचं भलं होणार नाही, साक्षीला वाटेवरची देवी एनोडिया आहे. खांब पत्ता सांगतो ही मोठी हुशारी आहे. तो दुसरीकडे सापडला तर तिथेच चोरीचा माल म्हणून ओळखता यावा. आणि अगदी तसंच झालं. हे दोन्ही खांब फार्नेझे घराण्याच्या संग्रहात गेले आणि आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. तिथे उभे राहून ते अजून तिसऱ्या मैलाचा पत्ता सांगतात.

कवितांचे दगड १७व्या शतकाच्या सुरुवातीला सापडले, बोर्गेझे संग्रहात गेले. १८०७ साली नेपोलियनने तो संग्रह विकत घेतला आणि ते पॅरिसला लूव्हर संग्रहालयात पोचले. रेगिलाला ‘घराचा प्रकाश’ म्हणणारा आणखी एक खांब होता. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट मॅक्सेन्टियसने आप्पियन रस्त्यावर याच परिसरात आपला राजवाडा आणि रथशर्यतींचं मैदान बांधलं. त्याच्या काळात त्या खांबाच्या दुसऱ्या अंगाला सम्राटाचं नाव कोरून त्याचा मैलाचा दगड केला गेला. हाच मॅक्सेन्टियस ३१२ साली टायबर नदीत बुडून मेला. शापावर विश्वास असणाऱ्याने हवा तो अर्थ काढावा. काळ्या घरातल्या मुळ्यांवर टीका करणारे जसे होते तसेच शाप आणि हा मृत्यू जोडणारेही असणार.

शिष्याने काय उचललं

हेरोडीसच्या शिष्यांत पहिल्या रांगेतला एक होता युबियामधल्या खाल्किसचा अ‍ॅम्फिक्लीस. खाल्किसजवळ त्याच्या घराण्याचा जो लेख मिळाला त्याचा साचा गुरूचाच आहे : जागेच्या पुढच्या मालकांना उद्देशून बोलणं, पाडणारा, हलवणारा, मत देणारा, सगळे त्यात आहेत. पण शापाच्या यादीत मध्येच वेगळाच सूर लागतो. देव त्याला ताप, हुडहुडी, खरूज, पिकांवरचा रोग, वेड, अंधत्व आणि बुद्धिभ्रंश देवो. हे शब्द ज्यू धर्मग्रंथातल्या ‘अनुवाद’ (Deuteronomy) नावाच्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातून, त्याच्या ग्रीक भाषांतरातून आलेले आहेत. आणि त्याच लेखात सूडाची ग्रीक देवता एरिनिस, शिवाय कृपेची आणि आरोग्याची देवता राखणीला ठेवल्या आहेत. अ‍ॅम्फिक्लीस ज्यू होता असं मानायला हा लेख मला पुरेसा वाटत नाही. वक्तृत्वाच्या शाळेत तयार झालेल्या माणसाला चांगला शाप कुठेही सापडला तर तो उचलणारच. फ्रिजियातल्या अक्मोनियात मात्र थडग्यावर ‘अनुवादात लिहिलेले शाप’ एवढाच निर्देश पुरेसा होत असे, कारण तिथे पुस्तक माहीत असलेले वाचक होते. खाल्किसला पूर्ण यादी द्यावी लागली.

निकाल

हेरोडीस १७७च्या सुमारास गेला. मॅरेथॉनलाच पुरा, असं तो सांगून गेला होता. अथेन्सच्या तरुणांनी मॅरेथॉनला जाऊन मृतदेह उचलून शहरात आणला आणि त्याने बांधलेल्या स्टेडियमवर पुरला. ज्यांच्याशी त्याचं आयुष्यभर पटलं नाही त्यांनी तो आपला करून टाकला, आणि त्यासाठी त्याची इच्छा मोडली. मृत्युपत्राच्या प्रकरणात त्याने जे केलं त्याच्यापेक्षा हे बऱ्याच प्रेमाने केलं, एवढा फरक.

मूर्तींचं म्हणाल तर मॅरेथॉनजवळ १८व्या शतकात सापडलेला हेरोडीसचा अर्धपुतळा लूव्हरमध्ये आहे. १९६१ साली किफिसियात त्याचा आणि पॉलिड्यूकिऑनचा अर्धपुतळा एकत्र मिळाले, ते अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. शापाचे खांबही बरेचसे संग्रहालयांत आहेत. जागच्या जागी राहा हे एकच मागणं होतं, ते पुरं झालं नाही. मान मात्र मिळतो आहे, आणि वाढतोही आहे. तेव्हा उत्खनन करणारे, परवानगीवर सही करणारे आणि समितीत ‘हलवू या’ म्हणणारे शापाच्या कलमात बसतात की आशीर्वादाच्या, हे मजकुरावरून ठरवता येत नाही. वाद घालायचा तर हेरोडीसच्या बाजूने शेवटचं कलम दाखवता येईल, विरुद्ध बाजूने आशीर्वादाचं. माझं मत विचाराल तर शेवटचं कलम भारी पडतं. त्यात हेतू चांगला होता की वाईट, हा प्रश्नच ठेवलेला नाही.